साने गुरुजी : मुलांच्या मनाला शब्द देणारे शिक्षक

गणरायाच्या आगमनाबरोबर ही स्मरणिका आपल्या हाती येत आहे. यंदा चरित्रासाठी आम्ही साने गुरुजींची निवड केली, याला एक कारण आहे. आपल्या मराठी घरांतून ‘श्यामची आई’ हे पुस्तक फडताळात असतेच. नसेल तर आजीच्या तोंडून त्यातल्या गोष्टी ऐकलेल्या असतात, नाहीतर आचार्य अत्रे यांचा चित्रपट पाहिलेला असतो. मातृप्रेमाचे पुस्तक म्हणून आपण ते ओळखतो. पण घरात वाढती मुले असताना ते पुन्हा वाचावे, म्हणजे त्यात आणखी एक गोष्ट सापडते. लहान मुलाच्या पोटात भीती, लाज, हेवा, राग असे बरेच काही चाललेले असते. ते त्याचे त्याला कसे कळू लागते, आणि त्यासाठी घरातल्या मोठ्या माणसाला काय करावे लागते, याची ती हकिगत आहे. गुरुजींचे सारे आयुष्य याच एका कामाभोवती फिरले, असे आम्हांला वाटते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणे खोतांचे, म्हणजे एकेकाळी बऱ्यापैकी वैभवाचे. पण वडिलांच्या काळात त्याला ओहोटी लागली. कर्ज वाढले, सावकाराचा तगादा सुरू झाला, अब्रूची काळजी घरात शिरली. पांडुरंगाने लहानपणी हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहिले. घरातल्या चिंता मुलांना कळत नाहीत, अशी आपली समजूत असते. गुरुजींचे बालपण ही समजूत खोटी ठरवते. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या भागात संत्र्याचा बहार गळाला किंवा कपाशी हातची गेली, की आपण दाराआड हळू आवाजात बोलतो. पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेले पोर मात्र ते सगळे ऐकत असते. त्याला आकडे समजत नाहीत, पण बापाचा आवाज बदललेला समजतो. आणि कोणी काही सांगितले नाही, तर आपलेच काहीतरी चुकले असावे, असे ते मनाशी धरून बसते.

यशोदाबाईंनी मुलांपासून गरिबी लपवली नाही. त्याचबरोबर मुलांच्या मनात उठणाऱ्या वादळांकडे दुर्लक्षही केले नाही. ‘श्यामची आई’मधल्या तीन-चार प्रसंगांकडे या नजरेने पाहण्यासारखे आहे. स्नान झाल्यावर ओल्या पायांना माती लागेल म्हणून श्याम जमिनीवर पाय ठेवायला तयार नसतो. आई आपले लुगडे पसरून त्याचे पाय स्वच्छ राखते, त्याचा हट्ट पुरवते. मग त्याच ओघात, पायाला जपतोस तसे मनालाही घाण लागू नये म्हणून जप, असे सुचवते. मन नावाचे काहीतरी आपल्या आत आहे आणि त्याकडे लक्ष ठेवावे लागते, हे त्या वयाच्या मुलाला याहून सोप्या रीतीने कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

दुसरा प्रसंग वटसावित्रीचा. आई आजारी असते, वडाला प्रदक्षिणा घालायला जाण्याची तिच्यात ताकद नसते. ती श्यामला आपल्याऐवजी जायला सांगते. श्यामला लाज वाटते, कारण बायकांच्या घोळक्यात मुलगा पाहून मित्र हसतील. आई त्या लाजेला धुडकावत नाही. देवाच्या कामाची लाज कसली, लाज वाटायची ती पाप करताना वाटावी, असा फरक ती त्याच्यापुढे ठेवते. लाज ही एकच नसते; एक राखण्यासारखी असते आणि एक टाकून देण्यासारखी, हे त्या दिवशी त्याला उमगते. तिसरी गोष्ट फुलांची. इतरांच्या आधी आपल्याला फुले मिळावीत म्हणून मुलगा उमलण्याआधीच कळ्या खुडून आणतो. ही चढाओढ आणि हेवा आहे, हे त्याला ठाऊक नसते. आई फुलाच्या बाजूने बोलते. झाडावर उमलू दिलेल्या फुलाचे सुख ती त्याला दाखवते, आणि आपण दुसऱ्याच्या जिवाला काय करतो याकडे त्याचे लक्ष वळते.

अळणी भाजीची गोष्टही अशीच. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, वर भाजीची तारीफ करतात. बापाकडे पाहून मुलेही गप्प राहतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते आणि तिचा जीव हळहळतो. राबणाऱ्या माणसाचे मन कसे जपावे, हे त्या घरात कोणी धडा म्हणून शिकवले नव्हते. मुलांनी ते पंगतीत पाहिले.

सगळे काही आदर्शच होते असे मात्र नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते आणि विहिरीवर धाडते. आजचे पालक हे मान्य करणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मारल्यानंतर ती मुलाच्या अंगावरचे वळ पाहून व्याकूळ होते, त्याला जवळ घेते, आपण असे का वागलो ते समजावते. आपल्याला राग का आला होता, हे मोठ्या माणसाने लहानापाशी येऊन सांगण्याची रीत त्या काळी कितीशी होती? आजही ती आपल्या घरांत दुर्मीळच आहे.

पुढे शिक्षणासाठी पांडुरंगाला घर सोडावे लागले. दापोलीची मिशन शाळा, मग औंध, मग पुणे. कुठे हाताने स्वयंपाक करून तर कुठे अर्धपोटी राहून दिवस काढले. दापोलीला असतानाचा एक प्रसंग गणेशोत्सवात आवर्जून सांगण्याजोगा आहे. धाकट्या भावाला धड कोट नाही, हे श्यामला खटकत असते. खाऊला मिळालेले पैसे साठवून तो कोट शिवून घेतो आणि गणेश चतुर्थीला घरी येताना भर पावसात तो घेऊन येतो. घरी आधी विचारणा होते, की पैसे आले कुठून? खरे कळल्यावर मात्र आईच्या आनंदाला पार राहत नाही. भावाच्या अंगावरचे जुनेर पाहून पोटात तुटले, आणि त्या तुटण्यातून हातून काहीतरी चांगले घडले. दुसऱ्याचे दुःख ओळखणे ही पहिली पायरी. त्यावर आपल्या कुवतीएवढे काहीतरी करणे ही दुसरी. गुरुजींनी पुढे आयुष्यभर याच दोन पायऱ्या चढल्या.

१९१७ साली आई गेली. शेवटच्या क्षणी मुलगा जवळ नव्हता. ते दुःख त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. १९१८ साली मॅट्रिक होऊन त्यांनी पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून बी.ए. केले. मग खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहून ते एम.ए. झाले. १९२४ साली अमळनेरच्याच प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक म्हणून लागले.

शाळेबरोबर छात्रालयाची म्हणजे वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, आणि पांडुरंग साने खऱ्या अर्थाने गुरुजी झाले. खेड्यापाड्यांतून आलेली, घर सोडून राहणारी ही मुले. कोणाला आईची आठवण येई, कोणी घाबरट, कोणी भांडखोर, कोणी कोणाशीच न बोलणारा. गुरुजी शिस्तीचा बडगा घेऊन उभे राहिले नाहीत. मुले बाहेर गेली की त्यांच्या खोल्या झाडून ठेवत, कपडे धुऊन ठेवत, आजाऱ्याच्या उशाशी रात्ररात्र बसत. मुलांना ओशाळल्यागत होई आणि ती आपसूक नीट वागू लागत. ‘छात्रालय’ नावाचे एक हस्तलिखित दैनिक ते स्वतः रात्री जागून लिहीत आणि सकाळी ते मुलांच्या वाचनात येई. थोरांच्या गोष्टी, जगातल्या घडामोडी, आणि मुलांशी मनमोकळे बोलणे. वर्गात सर्वांसमोर जे बोलता येत नाही, ते लिहून पोहोचवता येते, हे त्यांनी हेरले होते. या विद्यार्थ्यांच्या जीवनावर पुढे त्यांनी ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी लिहिली. मुलांना धडपडणारी म्हणणे हीच किती मोठी गोष्ट आहे पाहा. आळशी, उनाड, हट्टी, रडका ही नावे आपण मुलांना सहज चिकटवतो आणि मूल त्या नावासारखे होत जाते. गुरुजींनी त्यांना त्यांच्या धडपडीवरून ओळखले.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली. गुरुजींनी नोकरी सोडली. त्यानंतरचे आयुष्य चळवळ आणि तुरुंग यांतच गेले. दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांना निरनिराळ्या प्रांतांचे लोक भेटले, त्यांच्या भाषांची गोडी लागली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचने उतरवून घेतली गुरुजींनी, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ आपल्यापर्यंत पोहोचली. दुसऱ्याचे बोलणे एवढ्या एकाग्रतेने ऐकणे त्यांना जमत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुलांना ते आपलेसे वाटले, त्याचे मूळही या ऐकण्यात असावे.

१९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. या पुस्तकाची रचना पाहावी. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर एकेक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना रात्र म्हटले आहे. तो सांगतो, सोबती ऐकतात. कोणी हसत नाही, कोणी उपदेश करत नाही, सांगताना त्याचा गळा दाटून आला तर ते थांबून राहतात. आईच्या मृत्यूला पंधरा वर्षे होऊन गेली होती. साठून राहिलेले दुःख शब्दांत उतरले आणि लाखो घरांचे झाले. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. देशातल्या पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

गुरुजींच्या लेखनावर एक आक्षेप नेहमी घेतला गेला. हे लेखन फार रडवे आहे, मुलांना हळवे करते, असे अनेक जाणकारांनी म्हटले. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. काही पानांवर अश्रू खरोखरच जास्त होतात. पण हा आक्षेप मुलग्यांच्या बाबतीत आपल्या समाजात वेगळाच अर्थ घेतो. मुलगा असून रडतोस काय, हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे एकही मुलगा मोठा होत नाही. मग तो रडायचे थांबवतो, पण दुःख थांबत नाही. ते रागाचे सोंग घेऊन बाहेर येते. मारामारी, उलट उत्तरे, जेवणाचे ताट सरकवणे, मोबाइलमध्ये डोके खुपसून बसणे. गुरुजींनी एक नायक असा उभा केला जो मुलगा आहे आणि रडतो, तरीही भ्याड नाही. एवढ्यासाठी तरी मराठी मुलग्यांनी त्यांचे ऋणी असावे.

आणि गुरुजींचे हळवेपण किती कणखर होते, हे पंढरपुरात दिसले. विठ्ठलाच्या मंदिराचे दार दलितांना बंद होते. त्यासाठी त्यांनी महिनोन् महिने महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण मांडले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, ते सुटले. मंदिर सर्वांना खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. प्रांताप्रांतांतल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली. मुलांसाठी ‘गोड गोष्टी’ लिहिल्या. आयुष्याच्या शेवटच्या काळात पुतणी सुधा हिला त्यांनी लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. पाऊस, फुले, ढग, थोर माणसे, सारे काही त्यांत आहे. मोठ्या माणसाने लहान मुलीशी इतक्या बरोबरीने बोलावे, हे वाचून आजही नवल वाटते.

आता आम्हांला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. स्मरणिकेतल्या चरित्रांत ती बहुधा टाळली जाते. गांधीजींच्या हत्येने गुरुजी आतून मोडून गेले होते. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. स्वातंत्र्यानंतर जे दिसत होते त्याने निराशा वाढत गेली. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय अवघे पन्नास. हजारो मुलांचे डोळे पुसणाऱ्या माणसाला आपल्या मनातला अंधार त्या दिवशी पेलवला नाही.

हे मुलांना सांगावे का, असा प्रश्न पडतो. जाणत्या वयाच्या मुलांना सांगावे, असे आमचे मत आहे, फक्त नीट सांगावे. ते दुबळे होते म्हणून असे झाले, असे म्हणू नये. आणि त्यात काही थोरपण होते, असेही मुळीच म्हणू नये. मन आजारी पडू शकते, कितीही मोठ्या माणसाचे पडू शकते, आणि अशा वेळी माणसाला उपचार आणि सोबत लागते, एवढे सांगावे. गुरुजी सगळ्यांचे ऐकत राहिले. त्या शेवटच्या काळात त्यांना मात्र तो आधार वेळेवर मिळाला नाही. आज केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. अडचणीतल्या मुलांसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक गॅस आणि विजेच्या क्रमांकांशेजारी भिंतीवर लिहून ठेवावेत. घरात कोणी खूप दिवस गप्प असेल, झोप-जेवण सुटले असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ते बोलणे हसण्यावारी न नेता डॉक्टरांकडे घेऊन जावे.

रामाकोना, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा या आपल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. १९५६ च्या प्रांतरचनेत नागपूर पलीकडे गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. आता २०२३ पासून पांढुर्णा हा आपला नवा जिल्हा आहे. घरात मराठी, बाजारात दोन्ही, आणि बहुतेक मुलांची शाळा हिंदीत नाहीतर इंग्रजीत. यात काही बिघडले नाही. भाषा जितक्या तितके चांगले, आंतरभारतीवाल्या गुरुजींना तर आनंदच झाला असता. पण शाळेत पोर गणित शिकते, भूगोल शिकते, मनात काय चालले आहे ते सांगण्याचे शब्द त्याला घरातूनच मिळायचे असतात. ते शब्द आपण वापरणे सोडले, तर त्याच्याकडे टेन्शन, बोर आणि गुस्सा एवढेच उरतात.

आपल्या मराठीत या बाबतीत केवढी श्रीमंती आहे! रुसलेल्या पोराला कोणीतरी समजूत काढायला यावे असे वाटत असते. हिरमुसलेल्याची अपेक्षा मोडलेली असते. त्याला समजुतीपेक्षा, काय हवे होते हे कोणी विचारणे बरे वाटते. ओशाळलेल्याला आपली चूक कळलेली असते, त्याला आणखी बोलून चालत नाही. धास्तावलेल्याला सोबत हवी असते. भांबावलेल्याला एका वेळी एकच गोष्ट सांगावी लागते. बाहेरून ही पाचही पोरे सारखीच दिसतात. तोंड पाडून कोपऱ्यात बसलेली. नेमके काय झाले आहे हे ओळखले, की काय करायचे ते आपोआप सुचते. भावनेला नाव मिळाले की तिचा जोर ओसरायला मदत होते, असे आजचे बालमानसशास्त्रही सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही मुलांच्या भावनिक विकासाला शिक्षणाचा भाग मानले आहे. शाळा आपले काम करतील. पण यशोदाबाई कुठल्याही शाळेत शिकवत नव्हत्या. त्यांनी हे काम घरात, रोजच्या जेवणाखाण्यात केले.

आम्ही मानसशास्त्राचे जाणकार नाही. पदविका घेऊन सरकारी नोकरीत रमलेली, संध्याकाळी थकून घरी येणारी माणसे आहोत. म्हणून सूचनाही साधीच करतो. या दहा दिवसांत रोज आरती होईल, प्रसाद वाटला जाईल, चित्रकला आणि वेशभूषेच्या स्पर्धा होतील. घरी परतल्यावर अर्धा तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवून ‘श्यामची आई’मधली एक रात्र मोठ्याने वाचावी. वाचून झाल्यावर तात्पर्य सांगू नये. श्यामच्या पोटात तेव्हा काय झाले असेल, एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. पहिल्या दिवशी पोर खांदे उडवील. दुसऱ्या दिवशी श्यामबद्दल बोलेल. चौथ्या-पाचव्या दिवशी श्यामचे नाव घेऊन स्वतःबद्दल बोलू लागेल. त्या वेळी मधे न बोलता ऐकून घ्यावे, आणि सगळे सांगून झाल्यावर मगच त्याच्या पाठीवरून हात फिरवावा.